फ्रॉस्ट येतोय, कॅनोला कापू की ठेवू?

आम्ही निफाडची माणसं, थंडीचं आम्हाला काय सांगता, असं मी इकडे कॅनडात, सस्कॅचेवानला येईपर्यंत सगळ्यांना ऐकवायचो. आता नाही ऐकवत.

सप्टेंबरचा पहिला आठवडा होता, मंगळवारची संध्याकाळ. म्हाताऱ्या मालकाच्या मोबाईलवर शुक्रवारी रात्री उणे तीन दाखवत होतं, म्हणजे फ्रॉस्ट, पीक गोठवणारी थंडी, आणि त्याची कॉफी समोर तशीच गार झालेली. दोन क्वार्टर, म्हणजे ३२० एकर, कॅनोला उभा, तेलबियांचं पीक. एक चढावर, एक खाली पाणथळीला लागून. आता शेंगा न तडकणाऱ्या जाती आल्यात, लोक थेट उभ्या पिकात कंबाईन, म्हणजे कापणी-मळणीचं यंत्र घालतात, पण म्हातारा अजून स्वाथरवालाच, आधी त्या यंत्राने नुसतं कापून ओळी पाडायच्या आणि वाळल्या की मग कंबाईन.

नियम सोपा आहे. मुख्य दांड्यावरच्या साठ टक्के दाण्यांनी रंग बदलला की कापा. खालच्या शेंगांतले दाणे काळपट, मधले अर्धेमुर्धे, वरचे हिरवे पण बोटात धरून फिरवले तर चिरडत नाहीत असे. दिसायला आपली फोडणीची मोहरीच, नात्यातलीच आहे. आम्ही दोघं शेंगा फोडत फिरलो, चढावर पन्नासच्या आसपास, खाली मात्र जेमतेम पंचवीस. आणि रंग दोन-तीन दिवसांत दहा टक्क्यांनी पुढे सरकतो, गारठा असला तर त्याहून हळू, म्हणजे शुक्रवारपर्यंत खालचं काही पिकणार नव्हतं.

मला वाटलं सोपंय, सगळंच कापून टाकू. तर तो म्हणाला तिथेच लोक फसतात. ओला दाणा कापून जमिनीवर पडला म्हणून गोठायचा थांबत नाही, ओलावा वीस टक्क्यांच्या खाली आला तरच तो वाचतो, आणि त्यासाठी कापल्यावर तीन दिवस तरी चांगलं ऊन-वारं लागतं. फ्रॉस्टच्या आदल्या दिवशी घाबरून कापलं तर दोन्हीकडून मार, दाणा बारीक राहतो म्हणून वजन गेलं आणि वर हिरवाही राहतो. दाण्यातला हिरवेपणा जायला आत ओल लागते, थंडीने दाणा मारला की हिरवा रंग आत अडकतो आणि तो तेलात उतरतो. एक नंबर ग्रेडला शंभरात दोनच हिरवे दाणे चालतात, दोन नंबरला सहा.

रात्री आबांना फोन केला. ते म्हणे, "अरे मग शेकोट्या पेटवा की बांधावर, आपण द्राक्षाला करतो तसं." म्हटलं आबा, ३२० एकर आहे. पलीकडे जरा वेळ शांतता, मग, "खालच्या अंगाला गारठा जास्त बसेल बघ." गोदाकाठचा माणूस, बरोबर बोलला.

बुधवारी चढावरचं सगळं कापलं, खालचं उभं ठेवलं. हवामानवाले दोन अंशांनी चुकतील यावर म्हाताऱ्याने जुगारच खेळला म्हणा ना.

शनिवारी पहाटे गाडीच्या काचेवर पांढरा थर, खरवडून काढावा लागला. चढावर उणे एक, खाली उणे अडीच. मी लगेच शेंगा फोडायला निघालो तर म्हणाला थांब, ऊन चढू दे, मार कळायला काही तास जातात. दुपारी बघितलं तर खोलगट भागातल्या वरच्या शेंगांवर पांढरे ठिपके आणि आतले दाणे पाणचट, बाकी पीक ठीक. शेंगा पांढऱ्या होऊन कडकडीत झाल्या असत्या तर तडकण्याआधी, दंव असतानाच स्वाथर घालावा लागला असता. तसं झालं नाही, मग अजून आठवडाभर उभंच ठेवलं.

कंबाईन झाल्यावर शंभर दाणे टेपवर चिकटवून कागदावर रोलरने चिरडले आणि हिरवे डाग मोजले. चढावरचा एक. खालचे मी पाच मोजले, म्हातारा म्हणाला चारच, एक नुसता पिवळट आहे. चष्मा लावून परत मोजले. पाचच होते.