इन्स्टॉलेशन मार्गदर्शिकेत सुचवलेली दुरुस्ती तपासताना

डेबियन, म्हणजे लिनक्सची एक मोफत ऑपरेटिंग सिस्टिम, बसवण्याच्या मराठी मार्गदर्शिकेत ‘जिथे जिथे १२ आहे तिथे १३ करा’ अशी दुरुस्ती आली की ती लगेच मान्य करावीशी वाटते. आवृत्तीचा आकडाच तर बदलायचा आहे. पण डेबियन १३, म्हणजे ‘ट्रिक्सी’, ९ ऑगस्ट २०२५ ला आली ती ३२ बिटच्या जुन्या मशीनसाठीचा इन्स्टॉलर वगळूनच. १२ मध्ये तो होता. त्यामुळे ‘जुन्या ३२ बिट पीसीसाठी वेगळी इमेज उतरवा’ हा परिच्छेद त्या एका आकड्याने खोटा ठरतो. (इमेज म्हणजे पेन ड्राइव्हवर लिहायची इन्स्टॉलरची फाइल.) राजापूर-देवगडकडच्या एखाद्या वाचनालयात देणगी म्हणून आलेला जुना पीसी पुढ्यात घेऊन बसलेला वाचक मग नसलेली इमेज शोधत राहतो. शिवाय १३ मध्ये ‘टेम्प’ फोल्डर आपोआप रॅममध्ये जातं आणि निम्म्यापर्यंत रॅम खाऊ शकतं. ‘मोठी फाइल तात्पुरती टेम्पमध्ये ठेवा’ ही १२ पर्यंत निरुपद्रवी असलेली ओळ २ जीबीच्या मशीनवर आता नडते. आकडा बदलणारी दुरुस्ती म्हणजे अख्ख्या पानाची दुरुस्ती. पाठवणाऱ्याने फक्त आकडे बदलले असतील, तर उरलेलं पान तपासणाऱ्याने वाचायचं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. ज्यांच्या मशीनमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नाही त्यांना विंडोज ११ चा सरळ रस्ता नाही. त्यामुळे टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करण्याची खिडकी, कधीच न उघडलेली माणसंही आता ही पानं वाचतात. म्हणून प्रत्येक दुरुस्तीला पहिला प्रश्न एकच विचारावा: ही ओळ चुकली तर वाचकाचं काय जाईल? शुद्धलेखन चुकलं तर काही जात नाही. पॅकेजचं नाव चुकलं तर पाच मिनिटं जातात. पेन ड्राइव्हवर इमेज लिहिण्याची ओळ चुकली तर घरातल्या लग्नाचे फोटो जातात. तपासणीचा वेळ या हिशोबाने वाटावा. दुरुस्ती किती लांब आहे यावर तो ठरवू नये.

इमेज लिहिण्याची ओळच आधी घेऊ. इमेज लिहिणाऱ्या ‘डीडी’ कमांडमध्ये ‘ओएफ’च्या पुढे, म्हणजे कुठे लिहायचं त्या जागी, थेट ‘एसडीबी’ हे डिस्कचं नाव लिहिलेलं असेल तर ती दुरुस्ती परत पाठवावी. एकच साटा (जुन्या प्रकारची) डिस्क असलेल्या पीसीवर पेन ड्राइव्ह बहुधा ‘एसडीबी’ असतो हे खरं. पण एनव्हीएमई (नव्या, वेगवान प्रकारच्या) डिस्कच्या लॅपटॉपवर तोच ‘एसडीए’ होतो, आणि दोन हार्ड डिस्कच्या पीसीवर ‘एसडीबी’ ही दुसरी हार्ड डिस्क असते, जिच्यात सगळा जुना साठा आहे. योग्य मजकूर असा हवा: पेन ड्राइव्ह लावण्याआधी ‘एलएसबीएलके’ (जोडलेल्या डिस्कची यादी दाखवणारी कमांड) चालवा, लावल्यावर पुन्हा चालवा, जे नाव नव्याने आलं आणि ज्याचा आकार आपल्या ड्राइव्हशी जुळतो तेच वापरा. कमांडमध्ये खऱ्या नावाऐवजी जागा मोकळी असावी, म्हणजे डोळे झाकून नक्कल केली तर कमांड चालतच नाही. उलट बाजूची चूकही नेहमी येते: नावाला शेवटी १ जोडलेला असतो. मग इमेज पूर्ण ड्राइव्हवर न जाता त्यातल्या एका पार्टिशनवर (विभागावर) लिहिली जाते आणि ड्राइव्ह बूट होत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे ‘कॉन्व्ह’मधलं ‘एफसिंक’, सगळा डेटा ड्राइव्हवर पोचेपर्यंत कमांडला थांबवणारा पर्याय. ‘ही ओळ लांब दिसते’ म्हणून ते काढून टाकणाऱ्या दुरुस्त्या येतात. ते काढलं की कमांड लवकर संपल्यासारखी दिसते, पण बराचसा डेटा अजून रॅममध्येच असतो. वाचक ड्राइव्ह उपटतो आणि इन्स्टॉलर अर्ध्यावर ‘फाइल वाचता येत नाही’ म्हणून थांबतो.

चेकसमची, म्हणजे उतरवलेली फाइल मूळ फाइलशी जुळते का ते पाहण्याची, पायरीही अशीच ‘लांबण’ म्हणून कापली जाते. ती राहायला हवी, आणि कोकणात तर जास्तच. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, रेंज येत-जात असताना उतरवलेली इमेज मध्येच तुटते आणि फाइलचं नाव मात्र पूर्ण दिसतं. ‘शा-२५६’ या चेकसमची ६४ अक्षरं जुळली की हा संशय संपतो. विंडोजवर त्यासाठी वेगळं काही बसवावं लागत नाही, त्यातलीच ‘सर्टयुटिल’ कमांड पुरते. कुणी ‘नेटइन्स्ट’ इमेज सुचवली तर तीही विचार करून घ्यावी. ती पाऊण जीबीच्या आसपास असली तरी बाकी सगळं बसवताना नेटवरूनच येतं. जिथे नेट भरवशाचं नाही तिथे पहिली डीव्हीडी इमेज बरी. ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर ती आरामात मावते. मात्र तिच्यावरून बसवलं की एपीटीच्या (पॅकेज उतरवून बसवणाऱ्या प्रोग्रामच्या) यादीत ‘सीडीरॉम’ची ओळ उरते आणि पुढे प्रत्येक वेळी ‘डिस्क घाला’ असा संदेश येतो. डीव्हीडीची शिफारस करणाऱ्या दुरुस्तीत ती ओळ बंद करण्याची पायरी आहे का, ते बघावं.

विंडोजशेजारी लिनक्स बसवण्याचा भाग सर्वांत नाजूक. इथे एक शब्द इकडचा तिकडे झाला तर दोन्ही सिस्टिम बूट होत नाहीत. ईएफआय पार्टिशन, म्हणजे मशीन सुरू होताना लागणाऱ्या फाइलींचा विभाग, बहुधा १०० ते २६० एमबीचं असतं आणि विंडोज सुरू करणारा बूटलोडर त्यातच राहतो. लिनक्सने तेच वापरायचं, फॉरमॅट करायचं नाही. ‘ईएफआय पार्टिशन निवडा आणि फॉरमॅट करा’ हे वाक्य कोऱ्या डिस्कसाठी बरोबर आहे, पण दोन सिस्टिमच्या प्रकरणात आलं तर घात करतं. पाठवणाऱ्याने कोऱ्या डिस्कवर करून पाहिलेलं असतं, म्हणून त्याच्या लेखी ते चाललेलं असतं. त्याच्याशी वाद न घालता एवढंच विचारावं: ‘त्या डिस्कवर आधी विंडोज होतं का?’

‘सिक्युअर बूट बंद करा’ ही अशीच जुनी सवय. सिक्युअर बूट म्हणजे मशीन सुरू होताना फक्त सही असलेलीच सिस्टिम चालू देणारी सोय. डेबियन २०१९ च्या १० व्या आवृत्तीपासून सिक्युअर बूट चालू असताना बसतं. नव्या लॅपटॉपवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप) अनेकदा मालकाला न कळताच चालू असतं. सिक्युअर बूट बंद केलं की पुढच्या वेळी विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतं आणि ती कुठे ठेवली आहे हे घरात कुणालाच माहीत नसतं. ही ओळ मार्गदर्शिकेत उरली असेल तर काढून टाकणारी दुरुस्ती आनंदाने घ्यावी. आणि ‘आधी बिटलॉकर बंद करा, फास्ट स्टार्टअप बंद करा, विंडोजचं पार्टिशन विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून लहान करा’ हा क्रम कुणी हलवला तर तो परत जागेवर आणावा. फास्ट स्टार्टअप चालू राहिलं तर विंडोज खरं बंद होत नाही, अर्धवट झोपतं. अशा वेळी लिनक्सकडून त्या पार्टिशनवर लिहिणं धोक्याचं असतं.

आता पावसाळा. मृग लागला की किनाऱ्यावर लाइट कधी जाईल याचा नेम नाही, आणि शाळांचे संगणक नेमके जूनमध्ये, शाळा उघडताना नीट केले जातात. म्हणून ‘मशीन इन्व्हर्टरवर घ्या, लॅपटॉप असेल तर बॅटरी भरून घ्या’ ही सूचना पार्टिशनच्या पायरीच्या आधी असली पाहिजे. पुष्कळ दुरुस्त्यांमध्ये ती ‘टिपा’ म्हणून शेवटी ढकललेली दिसते, तिथे ती कुणी वाचत नाही. विंडोजचं पार्टिशन लहान होत असताना लाइट गेली तर त्यातला डेटा परत मिळेल याची खात्री नसते. पॅकेज बसत असताना गेली तर एवढं बिघडत नाही. पॅकेज बसवणाऱ्या ‘डीपीकेजी’ला ‘कॉन्फिगर’ आणि ‘ए’ हे पर्याय देऊन अर्धवट राहिलेलं पुरं करता येतं, मग एपीटीचं ‘फिक्स ब्रोकन’. मार्गदर्शिकेत हे दोन प्रसंग वेगळे लिहिलेले हवेत. ‘लाइट गेल्यास पुन्हा सुरुवातीपासून करा’ अशी सरसकट ओळ आली तर ती घेऊ नये. सुरुवातीपासून म्हणजे पुन्हा पार्टिशन, म्हणजे तोच धोका दुसऱ्यांदा.

मे महिन्यात शाळेचा मेन स्विच बंद राहतो तेव्हा मदरबोर्डवरच्या सेलवरच घड्याळ चालतं. सेल मेलेला असला की मशीन काही वर्षं मागची तारीख दाखवतं. मग एपीटी म्हणतं, ‘रिलीज फाइल अजून वैध नाही’, आणि ब्राउझर प्रत्येक साइटचं प्रमाणपत्र नाकारतो. याच्यावर ‘एपीटीची तारीख-तपासणी बंद करा’ असा उपाय सुचवणारी दुरुस्ती हमखास येते. एपीटीपुरती ती चालते, म्हणूनच धोकादायक आहे: आजार तसाच राहतो आणि संरक्षण कायमचं निघून जातं. तिच्या जागी दोन ओळी पुरतात. नेटची पायरी येण्याआधी बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) तारीख बघा. तारीख पुन्हा मागे जात असेल तर सीआर-२०३२ सेल बदला. २० मिमी व्यासाचा, ३ व्होल्टचा, बहुतेक घड्याळवाल्यांकडे मिळतो. आणि एक फरक स्पष्ट लिहायला हवा. विंडोजमध्ये घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे दिसत असेल तर सेलचा दोष नाही. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं, एवढंच. लिनक्सच्या ‘टाइमडेटसीटीएल’ कमांडने ते एकदा जुळवलं की झालं.

खाऱ्या हवेबद्दलची एखादी ओळ कुणी सुचवली तर ती नक्की घ्यावी. किनाऱ्यालगत रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर बसतो आणि इन्स्टॉलर दर वेळी वेगळ्याच ठिकाणी अडकतो. वाचक इमेजला दोष देत पुन्हा पुन्हा डाउनलोड करत बसतो. प्लग काढून, रॅम उतरवून, पट्ट्या साध्या खोडरबराने हलक्या हाताने घासायच्या, रबराची भुकटी झटकायची, रॅम परत घट्ट बसवायची आणि मग मेमटेस्ट (रॅमची तपासणी) लावायची. दर वेळी एकाच ठिकाणी अडकत असेल तर मात्र इमेज किंवा पेन ड्राइव्ह तपासावा.

मराठी मजकुरातल्या कमांडना एक खास रोग होतो. लिहिणाऱ्याचा कीबोर्ड इन्स्क्रिप्ट या देवनागरी मांडणीवर असतो आणि कोलनच्या जागी विसर्ग पडतो. डोळ्याला फरक दिसत नाही, टर्मिनलला दिसतो. वर्ड प्रोसेसर दोन आडव्या रेघांची एक लांब रेघ करतो, सरळ अवतरणचिन्हं वाकडी करतो. ‘४’ देवनागरीत राहिला तर ‘डीडी’ तो आकडा मानत नाही. आणि जोडाक्षरं नीट दिसावीत म्हणून वापरलेली न दिसणारी जोड-अक्षरं कमांडला चिकटून येतात, मग ‘कमांड सापडली नाही’ असा संदेश येतो आणि कमांड तर समोर बरोबर दिसत असते. म्हणून कमांड नुसती वाचून चालत नाही. दुरुस्तीतून उचलून टर्मिनलमध्ये चिकटवून पाहावी लागते. दोन दुरुस्त्यांमधला फरक बघताना ‘गिट’ला (फाइलींमधले बदल नोंदणाऱ्या प्रोग्रामला) शब्दागणिक फरक दाखवायला सांगावं, नाहीतर एका वेलांटीसाठी अख्खा परिच्छेद लाल-हिरवा होतो. ‘ऱ्या’ दिसायला तोच असूनही फरकात आला, तर एकीकडे ‘ऱ’ स्वतंत्र अक्षर आहे आणि दुसरीकडे ‘र’ला नुक्ता जोडलेला आहे. पहिलं रूप ठेवावं. फाँट तपासायला ‘दऱ्या, चऱ्हाट, ॲप’ एवढे तीन शब्द पुरतात.

भाषेत फार हट्ट नको. ‘माउंट’ला ‘आरोहण’ करणारी दुरुस्ती वाचकाला पडद्यावरच्या शब्दापासून तोडते. इन्स्टॉलर मराठीत चालवायला सांगितलं असेल तर बटणावरचे शब्द मनाने भाषांतर करून लिहू नयेत, पडद्यावर आहेत तसेच उतरवावेत. आणि डेबियनचा मराठी इन्स्टॉलर ग्राफिकल प्रकारातच मिळतो, मजकुरी प्रकारात नाही, हे त्याच पायरीवर लिहावं. कीबोर्ड निवडताना इंग्रजी पहिला, मराठी दुसरा. उलटं केलं तर लॉगिनला पासवर्ड देवनागरीत टाइप होतो आणि वाचक स्वतःच्याच मशीनबाहेर राहतो.

करून पाहायला आभासी मशीन, म्हणजे संगणकातच चालणारा दुसरा संगणक, चांगलं, पण व्हर्च्युअलबॉक्स या त्यासाठीच्या प्रोग्राममध्ये ईएफआयची खूण आपण करावी लागते, नाहीतर जुन्या बायोसवरच चाचणी होते. त्याला मुद्दाम दोन डिस्क द्याव्यात. चुकीची डिस्क निवडायला लावणारं वाक्य तिथेच उघडं पडतं. वाय-फाय आणि ग्राफिक्सबद्दलच्या दुरुस्त्या आभासी मशीनवर तपासून उपयोग नाही. त्यासाठी खरं मशीन हवं, किंवा पाठवणाऱ्याकडून चिपचं नाव आणि आवृत्ती लिहून घ्यावी. डेबियन १२ पासून फर्मवेअर इमेजमध्येच येतं, त्यामुळे ‘फर्मवेअर वेगळं उतरवा’ हे आता बहुतेकांना लागत नाही. काही ब्रॉडकॉम चिपना मात्र वेगळा ड्रायव्हर लागतोच. तेवढ्यापुरतं फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग करायला, म्हणजे फोनचं नेट मशीनला द्यायला, सांगावं.

दुरुस्ती नाकारताना नेमकी पायरी, नेमकी आवृत्ती आणि काय झालं ते लिहावं: ‘तुमच्या पायरी ७ नंतर, विंडोज असलेल्या डिस्कवर, ईएफआय फॉरमॅट झालं.’ एवढं मिळालं की माणूस पुन्हा पाठवतो. एका दुरुस्तीत शुद्धलेखन आणि पार्टिशन एकत्र आलं असेल तर दोन करून मागावं. शुद्धलेखन आजच घेता येतं.

शेवटी छपाई. ही पानं शाळेच्या संगणक खोलीत ए-४ कागदावर छापून भिंतीला लागतात आणि दोन-तीन वर्षं तिथेच राहतात. म्हणून मान्य केलेल्या प्रत्येक दुरुस्तीबरोबर वरची तारीख आणि डेबियनची आवृत्ती बदलायची, आणि छापून बघायचं की ‘आधी डिस्कचं नाव तपासा’ हा इशारा एका पानाच्या तळाशी आणि त्याची कमांड पुढच्या पानाच्या माथ्यावर गेलेली नाही.