एफपीएस 110, तरी गेम अडखळतो

प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम नवीन घेतली, ग्राफिक्स कार्ड जुनंच ठेवलं. विंडोजही नव्याने टाकलं. कोपऱ्यातला आकडा 110 एफपीएस (सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रं, म्हणजे फ्रेम) दाखवत होता, आणि तरी गेममध्ये गाडी वळवली की चित्र क्षणभर थबकायचं, मग उडी मारून पुढे जायचं. जुन्या मशीनवर 70 मिळायचे, पण खेळायला तेच बरं वाटायचं. एवढे पैसे घालून हे बघताना जीव तुटत होता.

जिथून मशीन असेंबल करून घेतलं त्या दुकानात फोन लावला. "सर, ड्रायव्हर नवीन टाका. नाहीतर गेमच तसा असेल." ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या प्रोग्रॅमने मुळापासून काढून परत टाकला. काडीचाही फरक नाही.

मग रिव्हाट्यूनर या प्रोग्रॅममध्ये फ्रेमटाइमचा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला किती वेळ लागला त्याचा, आलेख लावला. आधी हाच लावावा असं माझं ठाम मत आहे, कारण एफपीएस ही सरासरी असते. तासाला चार एसटी असतात म्हणायचं, पण तीन लागोपाठ येऊन गेल्या आणि चौथीसाठी पाऊण तास ताटकळलं, तरी सरासरी चारच! 110 एफपीएसला एका फ्रेमला साधारण 9 मिलिसेकंद लागतात. माझी रेघ 9 वर चालता चालता मध्येच 60-70 पर्यंत वर जायची.

रिझोल्यूशन 1440 वरून 720 वर आणलं. कार्डावरचा भार एकदम उतरला, आलेखातले सुळके मात्र तसेच. म्हणजे कार्ड सुटलं. प्रोसेसरचं तापमान आणि क्लॉकही (चालण्याचा वेग) व्यवस्थित होते. उरली रॅम.

सीपीयू-झेड या मशीनची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मेमरीचा टॅब उघडला आणि तिथेच थांबलो. चॅनेलसमोर (चॅनेल म्हणजे प्रोसेसर आणि रॅममधली वाट) 2 x 32 बिट, फ्रिक्वेन्सी 2400 मेगाहर्ट्झच्या आसपास. डीडीआर5 च्या दोन स्टिक दोन चॅनेलवर असतील तर 4 x 32 दिसायला हवं. आणि तिथे वेग निम्मा दाखवतात, म्हणजे 6000 च्या रॅमला 3000 हवेत. कॅबिनेटचं झाकण काढलं, तर दोन्ही स्टिक प्रोसेसरकडून पहिल्या आणि दुसऱ्या स्लॉटमध्ये, अगदी शेजारी शेजारी. ते दोन्ही स्लॉट एकाच चॅनेलचे. चार स्लॉटच्या बोर्डावर सहसा दुसरा आणि चौथा वापरायचा असतो, मॅन्युअलमध्ये चित्र काढून दाखवलेलं असतं. दुकानात रोज मशीन जोडणाऱ्यांनी हे करावं याचा मला खरंच राग आला.

स्टिक हलवल्या, बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्स्पो, म्हणजे रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारं सेटिंग, चालू केलं. सेव्ह करून मशीन रीस्टार्ट झालं आणि पडदा काळाच. पंखे फिरतायत, बोर्डावर डीरॅमचा, म्हणजे मेमरीचा, दिवा पेटलेला. या वेळी घाबरून बटण दाबू नका. नवं सेटिंग लावलं की डीडीआर5 मध्ये मेमरी ट्रेनिंग (मशीन रॅमशी जुळवून घेतं ते) चालतं, त्याला काही मिनिटंही लागू शकतात. विंडोज सुरू झालं, सीपीयू-झेडमध्ये 4 x 32 आणि 3000 दिसले, तेव्हा कुठे हायसं वाटलं. रात्रभर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम चालवला, एकही एरर नाही.

मोठे सुळके गेले. पण एक बारीक झटका उरला, तो अगदी ठरावीक अंतराने यायचा. गेममधल्या घडामोडींशी त्याचा काही संबंध नव्हता, मेन्यूतही यायचा. असं काही दिसलं की पार्श्वभूमीला चालणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅमवर संशय घ्यावा. एकेक बंद करत गेलो, दर वेळी एकच, म्हणजे नेमकं कोण ते कळतं. रॅमच्या आणि पंख्यांच्या दिव्यांचं सॉफ्टवेअर बंद केलं आणि रेघ सपाट झाली. ते सतत सेन्सर वाचत बसायचं. दिव्यांचा रंग आता बायोसमधूनच ठरवलाय.

गेमच्या नव्या भागात पहिल्यांदा शिरताना अजून एखादा झटका बसतो. त्याच रस्त्याने परत गेलं की बसत नाही. तो शेडर (कार्डाला चित्र कसं रंगवायचं ते सांगणारे छोटे प्रोग्रॅम) कंपाइल, म्हणजे तयार, होण्याचा. ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट केला की शेडर बहुधा पुन्हा तयार व्हावे लागतात, म्हणून अपडेटनंतरच्या पहिल्या फेरीतले झटके मी हिशेबात धरत नाही.