आमची वाटचाल : आठ दिवस आमचे, बाकीचे त्यांचे

2015च्या गणपतीत आमच्या मुलुंड पूर्वेच्या घरात एकदम तीन कुत्री राहायला आली, तेव्हा याला व्यवसाय म्हणतात हे आमच्या डोक्यातही नव्हतं. शेजारच्या बिल्डिंगमधल्या वहिनी गावी निघाल्या होत्या. कोकणात कुत्रा न्यायचा तर रेल्वेत पहिल्या वर्गाचा अख्खा कूपे, म्हणजे दोघांची बंद खोली, घ्या, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत त्याला रात्रभर कोंडा. खासगी गाडीवाला सीटवर केस पडतात म्हणून आधीच नाही म्हणालेला. "पाच दिवस बघशील का गं?" मी हो म्हटलं. वहिनींनी ते आणखी दोघींना सांगितलं. परत आल्यावर प्रत्येकीने पाचशेची नोट आणि कोकमाची पिशवी हातात ठेवली, आणि नवऱ्याने त्या रात्री वहीत पहिला हिशोब लिहिला.

पुढचं थोडक्यात सांगते. 2017 साली तळमजल्यावरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या, मागे फरशी घातलेलं थोडं अंगण. एका वेळी सहाच कुत्री, रेबीजची आणि सेव्हन-इन-वन (सात रोगांवरची एकत्र) लस घेतल्याचं पुस्तक दाखवल्याशिवाय प्रवेश नाही. 2020 मध्ये सगळे घरातच बसले आणि आमचं काम शून्यावर आलं. मग लॉकडाउनमध्ये हौसेने आणलेली पिल्लं मालकांचं ऑफिस सुरू झाल्यावर दारं ओरबाडायला लागली, आणि आमचा फोन पुन्हा वाजू लागला.

या सगळ्यात कुत्र्यांनी आम्हाला फारसा त्रास दिलेला नाही. त्रास व्हायचा तो कुत्रा परत देताना, दारात.

सिंबाचं सांगते. सात वर्षांचा पिवळा लॅब्रॅडॉर. 2018च्या गणपतीत त्याचे मालक, म्हणजे काका-काकू, आठ दिवसांसाठी गुहागरला निघाले होते. सिंबा आत यायच्या आधी त्याचा वास आला, आंबलेल्या पिठासारखा. कान उलटून बघितला तर आतून लाल, हाताला गरम, आणि खाली काकवीसारखी काळपट चिकट घाण. त्यात लसणीचाही वास. काकांनी घरचा उपाय चालवला होता, खोबरेल तेलात लसूण कडकडवून रोज चार थेंब.

कुत्र्याच्या कानाची नळी सरळ आत जात नाही. आधी खाली उतरते आणि मग काटकोनात वळते. आत गेलेलं तेल-पाणी त्या वळणावर बसून राहतं. त्यात लॅब्रॅडॉरचे कान खाली पडलेले आणि मुंबईचा पावसाळा, म्हणजे बुरशीला घरच मिळालं. बिचारा पायाने कान खाजवायचा आणि खाजवता खाजवता कण्हायचा. दुसऱ्या दिवशी मी त्याला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासणी, कान धुणं, औषध मिळून 1,850 रुपये झाले. काकांना फोन केला नाही. गावी रेंज नसते, सणात कशाला त्रास, असं मी स्वतःला सांगितलं. खरं सांगायचं तर, ते नको म्हणतील याची मला भीती होती.

डॉक्टरांनी त्याला काट्यावरही उभं केलं. 41 किलो. नर लॅब्रॅडॉर साधारण 29 ते 36 किलोचा असावा. मी लगेच पोळ्या बंद केल्या आणि वाटीने मोजून खाणं सुरू केलं. तेही न विचारताच.

आठव्या दिवशी काका आले. सिंबाच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "बारीक झालाय. उपाशी ठेवलंस का?"

"काका, नऊशे ग्रॅम कमी झालंय फक्त. व्हायलाच हवं होतं."

"त्याला भूक लागते. जास्त लागते. तुला काय माहीत?"

मी बिल पुढे केलं. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. "मला विचारलंस?"

"कान फार दुखत होता हो त्याचा."

"तू आठ दिवस सांभाळलंस. मी सात वर्षं सांभाळतोय."

यावर माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हणूनच कानांची ही दशा झालीय."

काकांनी राहण्याचे पैसे मोजून चपलांच्या कपाटावर ठेवले. डॉक्टरांचे दिले नाहीत. आणि सिंबा? मी आठ दिवस कान धुतले, औषध घातलं, रात्री त्याच्याजवळ चटई टाकून झोपले, आणि हा काकांची चप्पल ओळखून अख्ख्या अंगाने शेपूट हलवत होता. रिक्षात चढताना एकदासुद्धा मागे बघितलं नाही त्याने.

काका भुकेबद्दल बोलले ते काही अगदीच खोटं नव्हतं, हे पुढे कळलं. 2016 साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवून दिलंय की सुमारे पाव लॅब्रॅडॉरांच्या एका जनुकाचा तुकडा गळलेला असतो आणि त्यांना अन्नाची ओढ इतरांपेक्षा जास्त असते. म्हणजे सिंबा नाटक करत नसावा. पोळी द्यायची नाही हे खरंच, पण काकांना मी खोटं पाडलं तेवढं चुकलं.

चार दिवसांनी काकूंचा हळू आवाजात फोन आला. "अगं, खाजवत नाही आता. ते औषध संपत आलंय, कुठे मिळतं?" नवरा औषध द्यायला गेला आणि तोंड पाडून परत आला. सिंबा बाल्कनीत ग्रिलला बांधलेला होता, साखळी हातभर. रात्रीही तिथेच असतो म्हणे, कारण सुनेला केस चालत नाहीत.

माझा भाचा वकील आहे. त्याने 1960चा प्राण्यांच्या छळाविरुद्धचा कायदा काढून दाखवला. अतिआखूड साखळीने फार वेळ बांधून ठेवणं त्यात गुन्हा आहे. सतत बांधलेल्या कुत्र्याला फिरवायची हयगय करणं, हेही वेगळं लिहिलंय. पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. "50 रुपये म्हणजे वडापावचे पैसे, मावशी," भाचा म्हणाला. नवऱ्याचं म्हणणं वेगळं होतं. आपण गिऱ्हाइकाच्या घरातलं बघून तक्रार करतो हे एकदा कॉम्प्लेक्समध्ये पसरलं की कोण आपल्याकडे कुत्रा ठेवेल? मी तक्रार केली नाही. सिंबाचा विचार करून केली नाही असं म्हणायला बरं वाटेल, पण भाडं भरायचं होतं.

त्या वर्षीच आम्ही मालकांनी भरायचा एक पानी फॉर्म केला. त्याचं श्रेय एकट्या काकांना नाही. एक कॉकर स्पॅनियल आमच्याकडून घरी गेल्यावर तिसऱ्या दिवशी तापला, गोचिडांचा ताप निघाला आणि मालकीणबाईंनी रात्री अकराला फोनवर आमचा उद्धार केला. तो ताप गोचीड चावल्यावर बहुतेक एक ते तीन आठवड्यांनी वर येतो, आमच्याकडे कुत्रा चारच दिवस होता, म्हणजे गोचीड बहुधा घरूनच आलेली. पण दाखवणार काय? तेव्हापासून कुत्रा आला की मालकासमोर अंगभर फणी फिरवतो, कान, बोटांमधल्या फटी, शेपटीखाली बघतो, वजन करतो, फोटो काढतो. आणि एकदा चूक आमचीच होती. मे महिन्यात सकाळी अकराला आमच्या मुलाने एका बीगलला अंगणातल्या तापलेल्या फरशीवर चेंडू खेळवला. पायाच्या गाद्या भाजल्या. डॉक्टरांचा पूर्ण खर्च आम्ही दिला, मालकांनी तो घेतला, आणि नंतर ते कधीच आले नाहीत. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

फॉर्ममधला सगळ्यात महत्त्वाचा रकाना तिसरा : फोन लागला नाही तर न विचारता किती रुपयांपर्यंत उपचार करायचे, आणि शेवटचा शब्द कोणाचा? भले भले इथे पेन थांबवून नवरा-बायको एकमेकांकडे बघतात. परवा एका जोडप्याचं तर इथेच भांडण झालं, कुत्रा मधे बसून दोघांकडे आळीपाळीने बघत होता.

2019च्या गणपतीच्या आदल्या आठवड्यात दारात रिक्षा थांबली. आधी सिंबा उतरला, मागून काका. बाजूच्या गल्लीतल्या बोर्डिंगमध्ये जागा नव्हती, असं त्यांनी मी न विचारताच सांगितलं. कान स्वच्छ होते. काट्यावर 38 भरला. मी फॉर्म पुढे केला, त्यांनी खुर्ची ओढून सावकाश भरला. खाण्याच्या रकान्यात लिहिलं : पोळी संध्याकाळी एक. दुसरी मागेल, देऊ नये. तिसऱ्या रकान्यात 2,000 लिहिलं, शेवटचा शब्द म्हणून काकूंचं नाव. मग खिशातून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. आत 1,850 रुपये होते, सुट्या पन्नाससकट.

मी चहा ठेवला. चहा पिताना धीर करून विचारलं, "काका, रात्री अजून बाल्कनीतच झोपतो का हो तो?"

काकांनी कप बशीत ठेवला. "पावसाचं आत घेतो," म्हणाले. "बाकी तो विषय नको."

सिंबा तोवर त्याच्या जुन्या चटईवर जाऊन पसरला होता.