मैदानाची किल्ली तिघांकडे असावी

नोकरी करून संध्याकाळी पोरांना खो-खो शिकवणाऱ्याचं गणित साधारण असं असतं: 6 ला ऑफिस सुटतं, 6.30 ते 8 सराव, घरी पोचेपर्यंत 9. आठवड्यातले चार दिवस. कागदावर हे बसतं. संसाराला नडतो तो हा दीड तास नव्हे, त्याला मागून-पुढून चिकटलेली कामं नडतात. मैदानाची आखणी, साहित्याच्या खोलीचं कुलूप, पालकांचे फोन, प्रवेशअर्ज, जर्सी. ती सगळी सरांच्याच अंगावर असतात, कारण 'माझ्याशिवाय नीट होत नाही' हे सरांनी स्वतःच ठरवलेलं असतं. नम्रता वगैरे मोठे शब्द बाजूला ठेवा. हे एक वाक्य डोक्यातून गेलं तरी आठवड्याचे तीनेक तास घरी येतात.

आखणीपासून सुरुवात करा. 27 मीटर लांब, 16 मीटर रुंद. चार कोपऱ्यांत खिळे ठोकून सुतळी ताणायची आणि रेषा मारायच्या आधी दोन्ही कर्ण मोजायचे. दोन्ही 31 मीटर 38 सेंटिमीटर भरले तर मैदान काटकोनात आहे. एक जास्त, एक कमी आला तर कोपरा सरकलाय. खिळा उपटून पुन्हा ठोकायचा. टेप ढिला धरला की हमखास चुकतं, म्हणून दोन्ही टोकांना एकेक पोर आणि मधे झोळ बघायला तिसरं. मग मधली 30 सेंटिमीटरची पट्टी आणि तिला छेदणाऱ्या आठ आडव्या पट्ट्या. फक्की, म्हणजे रेषा मारायची पांढरी पूड, मुठीने टाकली तर रेषा जाड आणि वाकडी होते. तळाला भोकं पाडलेला डबा घ्या. कळीचा चुना मात्र चुकूनही नको. सूर मारणाऱ्या पोराच्या डोळ्यात गेला तर दवाखाना गाठावा लागतो. चौदा-पंधरा वर्षांची पोरं हे दोन आठवड्यांत शिकतात. पहिले दोन दिवस रेषा वाकड्या येतील. येऊ द्या, आणि फक्कीचा डबा त्यांच्या हातातून काढून घेऊ नका. खरी परीक्षा तिथेच आहे.

खोलीच्या किल्ल्या तीन करा: एक तुमच्याकडे, एक मैदानाजवळ राहणाऱ्या माजी खेळाडूकडे, एक एखाद्या पालकाकडे. ऑफिसात मीटिंग लांबली तर धावणं, ताण, खांबाजवळचे वळणांचे सराव माजी खेळाडू सुरू करतो. तुम्ही 7 ला पोचलात तर जे चाललंय ते चालू द्यायचं. आल्याआल्या शिट्टी वाजवून सगळं पहिल्यापासून करायला लावलं, की तो माजी खेळाडू पुढच्या आठवड्यात येत नाही आणि तुमची मीटिंगची संध्याकाळ पुन्हा गेली.

सामन्यातही तेच. आक्रमकाने खो घेऊन दिशा धरली की खांबाशिवाय त्याला उलटं फिरता येत नाही, म्हणून संरक्षकाने त्याचा खांदा वाचायचा असतो. बाहेरून 'डावीकडे, डावीकडे' ओरडलं की संरक्षकाची नजर खांद्यावरून सरांकडे जाते आणि तेवढ्यात गडी बाद. 9 मिनिटांच्या पाळीत सरांनी करायचं खरं काम म्हणजे गप्प बसणं. राखीव पोरांकडे वही आणि स्टॉपवॉच द्या. कोण किती सेकंद टिकलं ते लिहू दे. तीन सामन्यांनंतर एका वेळी मैदानात उतरणाऱ्या तीन-तीन संरक्षकांच्या तुकड्या वहीवरून आणि कर्णधाराला विचारून लावा. आपला लाडका गडी पहिल्या तुकडीत बसत नाही हे वहीत दिसतं, आणि ते पोरांसमोर मान्य करावं लागतं. जानेवारी 2025 मध्ये भारताचे दोन्ही संघ दिल्लीत विश्वचषक जिंकले, दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे. त्यामुळे 'आमचा मुलगा कधी चमकणार, सर?' असं कुणा पालकाने विचारलं तर भविष्य सांगत बसू नका. वही दाखवा.

रजेचा हिशेब वर्षाच्या सुरुवातीलाच नवरा-बायको दोघांनी बसून करायचा. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत जातात आणि संघ जिंकत गेला की रजाही चढत जाते. तारखा उशिरा कळतात, म्हणून स्पर्धेसाठी काही दिवस राखून ठेवायचे. पण तेवढेच घरासाठीही. कॅलेंडरवर आधी घरचे दिवस लिहा: लग्नाचा वाढदिवस, भाऊबीज, मेव्हणीचं लग्न. सगळी रजा स्पर्धांत संपवून मेव्हणीच्या लग्नाला 'रजा नाही' म्हणणारे सर प्रत्येक तालुक्यात सापडतील. ऑफिसात साहेबांना स्पर्धेच्या तारखा कळल्या त्याच दिवशी लेखी सांगा. आयत्या वेळच्या तापावर कुणाचा विश्वास बसत नाही.

पैशाचंही तसंच. पोरांचं एसटीचं भाडं, क्रेप बँडेज, कुणाचे तरी बूट हे सगळं घरातूनच जातं. महिन्याचा आकडा बायकोशी बोलून ठरवा आणि वेगळ्या वहीत लिहा. मुलींचा संघ बाहेरगावी नेताना सोबत बाई हवीच. पण घरच्या बाईला न विचारता तिचं नाव यादीत घालू नये.

आणि जर्सी. स्पर्धेहून आल्यावर मातीने लाल झालेल्या 12 जर्सी न्हाणीघरात कोण टाकतं आणि कोण धुतं, यावर त्या घराची खरी स्थिती कळते. ओल्या चिखलावर ब्रश चालवू नका, डाग आत बसतो. आधी वाळू द्यायचं, झटकायचं, मग थंड पाण्यात साबण घालून अर्धा तास भिजवायचं, गुडघे-कोपरांच्या जागा हाताने चोळायच्या. बारा जर्सींना पाऊण तास लागतो. हरलेल्या सामन्याचं पोस्टमॉर्टेम जेवणाच्या ताटावर करण्यापेक्षा ते इथे, बादलीपाशी, एकट्याने करावं. शेवटच्या दोन जर्सींपर्यंत पंचांचा राग बराचसा उतरलेला असतो.