रांचीचा अंतिम सामना आणि सिमडेगाच्या मुली

५ नोव्हेंबर २०२३ हा दिवस बहुतेकांच्या लक्षात राहिला असेल तो विराट कोहलीच्या ४९व्या एकदिवसीय शतकामुळे. कोलकात्यात ईडन गार्डन्सवर दक्षिण आफ्रिकेचा संघ ८३ धावांत गारद झाला आणि दुसऱ्या दिवशीच्या क्रीडापानांवर दुसऱ्या कशाला फारशी जागाच उरली नाही. त्याच रात्री रांचीत, मोरहाबादीच्या जयपालसिंह मुंडा हॉकी मैदानावर, महिलांच्या आशियाई चॅम्पियन्स करंडकाचा अंतिम सामना भारत आणि जपान यांच्यात झाला. नोकरीनिमित्त मी तेव्हा रांचीतच राहत असल्याने तो प्रत्यक्ष पाहता आला. कागदोपत्री तो भारताचा सामना होता. मात्र प्रेक्षकांत बसलेल्या कोणालाही विचारले असते, तर तो झारखंडचा आणि त्यातही सिमडेगा व खुंटी या दोन जिल्ह्यांचा घरचा सामना आहे, असेच उत्तर मिळाले असते आणि ते मला पूर्णपणे पटते.

त्या संघात झारखंडच्या तिघी होत्या. सलिमा टेटे आणि संगीता कुमारी या दोघी सिमडेगा जिल्ह्यातल्या, तर बचाव फळीतली निक्की प्रधान खुंटी जिल्ह्यातल्या हेसल गावची. निक्की २०१६ साली रिओला गेली, तेव्हा ऑलिंपिक खेळणारी ती झारखंडची पहिली महिला हॉकीपटू ठरली होती. अनुभवी बचावपटू दीप ग्रेस एक्का ओडिशाच्या सुंदरगढची. पण सुंदरगढ सिमडेगाला लागूनच आहे आणि तिथल्या हॉकीचा पोतही तोच, त्यामुळे प्रेक्षकांनी तिलाही आपल्यातच धरले होते. मैदानाला ज्यांचे नाव आहे ते जयपालसिंह मुंडा हेही खुंटीकडचेच. १९२८च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारतीय हॉकी संघाचे कर्णधार आणि पुढे संविधान सभेत आदिवासींची बाजू मांडणारे सदस्य. एखाद्या मैदानाचे नाव त्यावर खेळणाऱ्यांना इतके शोभून दिसावे, असे आपल्याकडे क्वचितच घडते.

सिमडेगात हॉकी शाळेच्या वेळापत्रकातून आलेली नाही, ती गावच्या जत्रेसारखी रुजलेली आहे. शेतीची कामे उरकली की गावोगाव स्पर्धा भरतात आणि विजेत्या संघाला करंडकाऐवजी बोकड मिळतो. तिथे त्याला खस्सी म्हणतात आणि स्पर्धेलाही खस्सी टूर्नामेंट असेच नाव आहे. बोकड जिंकला की रात्री अख्ख्या गावाचे जेवण होते. मग एखाद्या मुलीला खेळायला पाठवायचे की नाही, यावर घरात वाद कशाला होईल? मुली खेळायला सुरुवात करतात ती बांबूच्या किंवा झाडाच्या वाकड्या फांदीच्या काठीने, खडबडीत मातीवर आणि बहुधा अनवाणी. अशा मैदानावर चेंडू कुठे उसळेल याचा नेम नसतो, त्यामुळे मनगट सैल आणि नजर तयार ठेवावीच लागते. सलिमा चेंडू घेऊन उजव्या बाजूने धावते तेव्हा तिची काठी चेंडूपासून जराही दूर जात नाही. प्रशिक्षण केंद्रात तिच्यावर मेहनत घेतली गेली हे खरेच, पण त्या कौशल्याचे मूळ मला या मातीत दिसते. तिचे वडीलही गावच्या संघातून खेळत असत. टोकियो ऑलिंपिकच्या वेळी घरच्यांना तिचा सामना पाहता यावा म्हणून प्रशासनाने तिच्या मातीच्या घरात टीव्ही बसवून दिला होता. ही बातमी तेव्हा कौतुकाने छापली गेली. मला मात्र ती वाचताना कौतुकापेक्षा अवघडलेपणच अधिक वाटले.

सामन्याकडे वळते. प्रकाशझोतांत बिघाड झाल्यामुळे खेळ ठरलेल्या वेळेपेक्षा बराच उशिरा सुरू झाला, तरी लोक जागचे हलले नाहीत. साखळीत भारताने याच जपानला २-१ असे हरवले होते, त्यामुळे विजयाची अपेक्षा होती; पण निकालातला ४-० हा आकडा जितका सोपा दिसतो, तितका तो सामना सोपा नव्हता. १७व्या मिनिटाला संगीताने पहिला गोल केला आणि घरच्या मुलीने घरच्या मैदानावर अंतिम सामन्यात गोल केल्यावर जो गलका होतो, तो पुढची कित्येक मिनिटे ओसरला नाही. त्यानंतर मात्र तिसरे सत्र संपेपर्यंत फलक १-०वरच अडून राहिला. जपानचा संघ घाई करत नाही, पासमागून पास देत तो प्रतिस्पर्ध्याच्या बचावातली फट शोधत राहतो आणि एका गोलची आघाडी अशा संघापुढे फार तोकडी असते. चौथ्या सत्राच्या सुरुवातीलाच, ४६व्या मिनिटाला, नेहाने दुसरा गोल केला. नंतर जपानला पेनल्टी स्ट्रोक, म्हणजे समोर फक्त गोलरक्षक असताना मारायचा थेट फटका, मिळाला आणि काना उराताचा तो फटका कर्णधार व गोलरक्षक सविता पुनियाने अडवला. माझ्या मते सामना तिथे संपला, कारण २-१ झाले असते तर उरलेली मिनिटे कशी गेली असती हे सांगणे कठीण होते. ५७व्या मिनिटाला लालरेमसियामीने आणि अगदी शेवटच्या मिनिटाला वंदना कटारियाने गोल केले. याच स्पर्धेत वंदनाने आपला ३००वा आंतरराष्ट्रीय सामना खेळला होता. भारतीय महिला हॉकीत हा टप्पा तिच्याआधी कोणीही गाठला नव्हता. स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान सलिमाला मिळाला.

मूळची साताऱ्याकडची असल्यामुळे मला हे सगळे पाहताना फलटण आठवत होते. वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे आणि ऋतुजा पिसाळ या तिघी भारताच्या वरिष्ठ किंवा कनिष्ठ संघातून खेळल्या आणि तिघीही त्या एकाच तालुक्यातल्या. आपल्याकडे कुस्ती आणि कबड्डीला जो गावकीचा आधार आहे, तो हॉकीला अजून नाही. तरीही तिथून मुली वर येतात, तेव्हा तो आधार मिळाला तर काय होईल, याचा हिशेब मनात सुरू होतोच.

रांचीची गोष्ट विजयावरच थांबवणे मात्र प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. अडीच महिन्यांत, जानेवारी २०२४मध्ये, त्याच मैदानावर पॅरिस ऑलिंपिकची पात्रता स्पर्धा झाली. पहिल्या तीन संघांना प्रवेश होता. उपांत्य सामन्यात जर्मनीशी २-२ अशी बरोबरी झाली आणि शूटआउटमध्ये भारत हरला. तिसऱ्या स्थानासाठी पुन्हा जपान समोर आले. सहाव्या मिनिटाला जपानने एकमेव गोल केला आणि तो करणारी होती काना उराता, जिचा स्ट्रोक नोव्हेंबरमध्ये सविताने अडवला होता. भारताला एकामागून एक पेनल्टी कॉर्नर, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या चुकीमुळे गोलजवळ मिळणाऱ्या संधी, मिळत गेले, पण त्यांतला एकही गोलात उतरला नाही. संगीता, सलिमा, निक्की त्याही संघात होत्या आणि प्रेक्षकही तेच होते. पेनल्टी कॉर्नरच्या ज्या दुबळेपणावर ४-०चा पडदा पडला होता, तो त्या दिवशी उघडा पडला.

मे २०२४मध्ये सलिमा भारताची कर्णधार झाली. त्याच वर्षी २० नोव्हेंबरला बिहारमधल्या राजगीरला आशियाई चॅम्पियन्स करंडकाचा पुढचा अंतिम सामना झाला. तो भारताने चीनविरुद्ध दीपिकाच्या एकमेव गोलवर जिंकला आणि या वेळी करंडक घ्यायला कर्णधार म्हणून सलिमा पुढे गेली.