पुढच्या बाकावरच्या मावशी

आमच्या नगरच्या घरी नाताळचा फराळ आधी शेजारी जायचा, मग आमच्या ताटात यायचा. करंज्या, शेव, अनारसे. आईचा नियमच तो. शेजारच्या मावशी दिवाळीला परतफेड करायच्या, ताट कधी रिकामं पाठवायच्या नाहीत.

एका नाताळला मावशी म्हणाल्या, "मला तुमची भजनं ऐकायचीत." आई त्यांना चर्चमध्ये उपासनेला घेऊन गेली, थेट पुढच्या बाकावर. पेटी-तबल्यावर अभंग सुरू झाला आणि मावशी टाळ्या धरून गायला लागल्या. चाल ओळखीचीच होती ना! बाहेर पडताना मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी आईला बाजूला घेऊन विचारलं, "यांचा बाप्तिस्मा कधी?" आई म्हणाली, "आधी चहा तर घेऊ द्या त्यांना."

मला तेव्हा आईची लाज वाटली होती. चर्चच्या युवक संघात आम्ही बसस्टँडवर धर्मप्रचाराच्या पत्रिका वाटायचो, किती वाटल्या ते मोजायचो. (निम्म्या तिथंच जमिनीवर पडलेल्या असायच्या, ते नाही मोजलं.)

ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ साली साताऱ्यात 'देवाचा दरबार' नावाचा भक्तांचा संघ काढला, तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही ख्रिस्तभक्तांसाठी. हे मी फार उशिरा वाचलं. आईला सांगितलं, तर म्हणाली, "मग?"

मावशींनी बाप्तिस्मा घेतला नाही. आई आजारी होती तेव्हा रोज संध्याकाळी येऊन तिला बायबलमधलं स्तोत्र तेवीस वाचून दाखवायच्या. चष्मा विसरला, तर तोंडपाठ.