तुम्ही विचारलंत म्हणून: ‘अमके बावळट, तमके कंजूष’ छाप विनोद चालतात का?

विनोद लिहिणाऱ्यांना आणि तपासणाऱ्यांना हा प्रश्न हमखास येतो: अमके बावळट, तमके कंजूष, बायकांना गाडी चालवता येत नाही, असल्या ठरीव समजांवरच्या विनोदांनी खरंच कुणाचा अपमान होतो, की लोक उगाच मनाला लावून घेतात? उत्तर दोन्हीकडचं आहे. पण ‘ज्याच्या त्याच्यावर असतं’ असं म्हणून हात झटकायचं कारण नाही, विनोद उलगडून बघता येतो.

आधी नाव खोडून बघा. 1960 च्या दशकात अमेरिकेत पोलिश लोकांवरच्या विनोदांचं पेव फुटलं होतं. बल्ब बदलायला किती पोलिश लागतात? पाच. एक टेबलावर उभा राहून बल्ब धरणार, चौघं टेबल फिरवणार. आता ‘पोलिश’ खोडून दुसरं कुठलंही नाव घाला. हशा तेवढाच! म्हणजे यात पोलिश असं काही नव्हतंच. नाव फक्त एवढंच सांगतं की या लोकांना हसायला हरकत नाही. पुढे हाच सांगाडा मानसोपचारतज्ज्ञांना लावला गेला: एकच लागतो, पण बल्बची स्वतःची बदलायची इच्छा हवी. इथे नाव बदललंत तर विनोद मरतो, कारण तो त्यांच्या कामाच्या पद्धतीवर आहे. विनोद म्हणून हा दुसरा कितीतरी सरस.

ही चाचणी सगळीकडे पुरत नाही. बायका आणि गाडी यांवरच्या विनोदात नाव बदलता येत नाही, तरी तो बोचतो. तिथे विनोदाच्या पोटातलं न बोललेलं वाक्य कागदावर लिहून काढायचं: ‘बायकांना गाडी चालवता येत नाही.’ मग बघायचं, हसण्यासाठी हे वाक्य नुसतं माहीत असणं पुरतं, की ते पटावं लागतं? उदाहरणार्थ: ती गाडी मागे घेत होती आणि मागच्या सीटवरचे तिघं पुरुष तिला सूचना देत होते, तिघांत मिळून एकही लायसन्स नव्हतं. समज तोच, पण फजिती तो बाळगणाऱ्यांची. लिहिताना सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. लेखकाला वाटतं आपण समजाची खिल्ली उडवतोय, आणि शेवटची ओळ मात्र त्या समजालाच दुजोरा देऊन जाते. म्हणून शेवटच्या ओळीत तोंडघशी कोण पडतं, तेवढं तपासा. आधीच्या ओळींमधला सद्हेतू कुणाच्या लक्षात राहत नाही.

क्रिस्टी डेव्हिस या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने असे विनोद देशोदेशींचे गोळा केले. इंग्रज आयरिशांना हसतात, फ्रेंच बेल्जियनांना, कॅनडावाले आपल्याच न्यूफाउंडलंड बेटावरच्यांना. स्वीडिश आणि नॉर्वेजियन तर एकमेकांनाच हसतात. बावळट ठरतो तो बहुधा शेजारचाच, आपल्यासारखाच, पण जरा कडेला पडलेला. डेव्हिस यांचं म्हणणं, विनोद समाजाचं मन दाखवतात, बदलत नाहीत. हे मला अर्धंच पटतं. थॉमस फोर्ड आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. बायकांबद्दल आधीपासून आकस असलेल्या पुरुषांनी बायकांना कमी लेखणारे विनोद वाचल्यावर महिलांच्या संस्थेला द्यायच्या मदतीत हात आखडता घेतला. तसल्याच अर्थाची गंभीर विधानं वाचून मात्र तसं झालं नाही. म्हणजे विनोदाने मनात नवा आकस पेरला नाही, पण असलेल्याला मोकळीक दिली. ‘गंमतच तर केली’ या बचावातली खोट हीच आहे: गंमत असल्यामुळेच ते खपून गेलं.

याउलट बल्गेरियातलं गाब्रोवो. तिथले लोक कंजूष म्हणून प्रसिद्ध. मांजर आत येताना दार जास्त वेळ उघडं राहून ऊब वाया जाऊ नये, म्हणून म्हणे ते मांजराची शेपटी कापतात. हे किस्से गावाने स्वतःच मिरवले, 1972 मध्ये विनोदाचं संग्रहालयही उभं केलं. मांजराखेरीज कुणाचं काही बिघडत नाही, कारण गाब्रोवोचा आहे म्हणून कुणाला घर नाकारलं, नोकरीवरून काढलं, असं होत नाही. ज्या गटाच्या बाबतीत असं होतं, त्याच्यावरचा तेवढाच सौम्य विनोद सौम्य राहत नाही.

राहता राहिली बैठक. दहा जणांत त्या गटाचा एकटाच माणूस असेल तर त्याचं हसणं संमती म्हणून धरू नका. न हसण्याची किंमत त्याला एकट्यालाच मोजावी लागते. तो स्वतः असा विनोद सांगतो म्हणून तुम्हालाही परवाना मिळत नाही. आणि तुमचा विनोद पहिला असला, तरी त्याच्यासाठी तो त्या दिवसातला चौथा असू शकतो.

कुणी दुसऱ्याने असा विनोद फेकला तर भाषण देऊ नका, त्याने सांगणाऱ्यालाच सहानुभूती मिळते. साधेपणाने म्हणा, ‘कळला नाही, जरा समजावून सांग ना.’ मग पोटातलं वाक्य त्याला स्वतःच्या तोंडाने बोलावं लागतं, आणि बहुतेक जण तिथेच विषय बदलतात. चूक तुमचीच असेल तर ‘तुला लागलं असेल तर सॉरी’ नको, त्यात दोष ऐकणाऱ्याच्या कातडीला जातो. ‘तो विनोद वाईट होता, सॉरी’ एवढंच म्हणा आणि पुढचं बोला.